विज्ञान प्रदर्शन: विषय ठरेपर्यंतच्या नोंदी

३ ऑगस्ट

विज्ञान प्रदर्शनाची तारीख कळली. हातात दहा आठवडे आहेत. चौथ्या आठवड्याच्या शेवटी विषय लिहून द्यायचा, त्यानंतर तो बदलता येणार नाही. दादाने त्याची अर्धी कोरी राहिलेली प्रयोगवही दिली आणि म्हणाला, "विषय ठरल्यावर लिहायला बसू नकोस. आजपासून लिही. फसलेलंही लिही." म्हणून ही पहिली नोंद.

डोक्यात आलेले विषय, जसे आले तसे: ज्वालामुखी. सूर्यमालेची प्रतिकृती. वाळू-कोळशाची गाळणी. संगीत ऐकवलं तर रोप लवकर वाढतं का. मोबाईलवरचे जंतू. गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठतं का. खाऱ्या पाण्यात बिया रुजतात का.

सातही आवडलेत. त्यातला एक कशावरून निवडायचा, हे मात्र कळत नाही.

५ ऑगस्ट

बाईंना यादी दाखवली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्यांनी एकच विचारलं, "यात तू काय मोजणार?"

ज्वालामुखीपाशीच मी गप्प झाले. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस उसळतो. हे मला माहीत आहे, बघायला येणाऱ्यांनाही माहीत आहे. बाई म्हणाल्या, "सोडा तेवढाच ठेव, व्हिनेगर वाढवत जा आणि दर वेळी फुग्यात किती वायू जमतो ते मोज, म्हणजे प्रयोग होईल. पण मग डोंगराची गरज उरणार नाही." सूर्यमालेचंही तसंच. प्रतिकृतीत आपण माहीत असलेली गोष्ट नीट मांडतो. मला माहीत नसलेली गोष्ट शोधायची आहे. दोन्ही विषय खोडले.

जंतूंचा विषय बाईंनी स्वतः खोडला. मोबाईलवरून घेतलेला नमुना वाढवला तर त्यात नक्की काय वाढतंय हे आपल्याला कळत नाही, आणि ते अपायकारक असू शकतं. शाळकरी मुलांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेच्या नियमांत घरी सूक्ष्मजीव वाढवायला मनाईच आहे. या विषयावर माझं मन फार बसलं होतं, पण कारण पटलं.

संगीत आणि रोप: कोणतं संगीत, किती मोठ्याने, दिवसातून किती वेळ? दोन रोपांना ऊन सारखं मिळतंय हे कशावरून? एका मोजणीला महिना लागणार. हाही गेला.

उरले तीन: गाळणी, गोठणं, बिया.

९ ऑगस्ट

गोठण्याबद्दल वाचलं. १९६३ मध्ये टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, एरास्टो म्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलाने आइस्क्रीम करताना पाहिलं की त्याचं गरमच ठेवलेलं मिश्रण दुसऱ्या मुलाच्या न उकळताच ठेवलेल्या मिश्रणाच्या आधी गोठलं. त्याचं कुणी खरं मानलं नाही. पुढे डेनिस ऑस्बॉर्न हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक त्याच्या शाळेत आले तेव्हा त्याने भर वर्गात तोच प्रश्न विचारला. ऑस्बॉर्न यांनी तो मनावर घेतला, प्रयोग केले, आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख आला. माझ्याएवढ्या मुलाच्या प्रश्नाला आज त्याचं नाव आहे.

२०१६ मध्ये दोन संशोधकांनी हे पुन्हा काळजीपूर्वक मोजून पाहिलं आणि त्यांना गरम पाणी लवकर थंड होतं असा पुरावा मिळाला नाही. थर्मामीटर थोडा वर किंवा खाली असला तरी निकाल फिरू शकतो, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे वाद अजून चालू आहे. विषय हाच घ्यावा असं आज वाटतंय.

११ ऑगस्ट

पूर्वचाचणी. स्टीलचे दोन सारखे पेले, प्रत्येकात १०० मिलिलिटर पाणी. एक ७० अंश सेल्सिअस, दुसरं २५. दर दहा मिनिटांनी फ्रीझर उघडून पाहिलं.

पहिली अडचण तासाभरातच आली: "गोठलं" कशाला म्हणायचं? कडेला पहिली सुई दिसते तेव्हा, वर पापुद्रा धरतो तेव्हा, की तळापर्यंत घट्ट होतं तेव्हा? मी पापुद्रा ही खूण ठरवली. गरम पेल्यावर पापुद्रा नंतर आला. दुसरी अडचण: दर वेळी दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते. आणि एक वाचन मिळायला जवळजवळ दोन तास गेले.

१२ ऑगस्ट

संध्याकाळी दादा म्हणाला, "आज दोन्ही पेल्यांत अगदी सारखंच पाणी ठेव. बघ काय होतं ते." मला ते निरर्थक वाटलं. सारखंच पाणी, सारखेच पेले, तर काय होणार? तरी ठेवलं. एक मागच्या भिंतीला चिकटून, एक दाराजवळ.

दोघांत २५ मिनिटांचा फरक पडला!

मी शोधायला निघाले होते तो फरक दहा-वीस मिनिटांचा असेल असा माझा अंदाज होता. नुसती जागा वेगळी म्हणून २५ मिनिटं इकडची तिकडे होत असतील, तर त्यात माझा फरक सापडणार कसा? समजा काल गरम पेला आधी गोठला असता, तर मी आनंदाने तसं लिहून टाकलं असतं, आणि ते कदाचित चुकीचं असतं. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने लाल पेनाने लिहिलं: आधी काहीही न बदलता दोनदा करून बघ.

१७ ऑगस्ट

बिया. या वेळी सुरुवातच पुठ्ठ्यावरच्या ओळीने केली. तीन ताटल्या, प्रत्येकीत ओल्या कापडावर दहा मूग. दोन ताटल्यांत साधं पाणी, तिसरीत थोडं मीठ घातलेलं पाणी. तिन्ही एकाच कपाटात, अंधारात, तीन दिवस.

साधं पाणी: ९ रुजले. साधं पाणी: ७ रुजले. मिठाचं पाणी: ८ रुजले.

मिठाची ताटली दोन साध्या ताटल्यांच्या मध्ये बसली. यावरून मिठाबद्दल एक अक्षरही लिहिता येणार नाही. बाईंनी सांगितलं की दहाऐवजी शंभर-शंभर बिया घेतल्या, मीठ पाच वेगवेगळ्या प्रमाणांत घेतलं, तर हा चांगला प्रकल्प होईल, कारण दाणे जितके जास्त तितका योगायोगाचा भाग कमी. म्हणजे प्रत्येक फेरीला निदान पाचशे बिया आणि तीन-चार दिवस. अशक्य नाही. यादीत ठेवते, पण कंसात.

१८ ऑगस्ट

गाळणी केली. एका बाटलीचा तळ कापून ती उलटी धरली, बुचाला भोक पाडलं, आत कापूस, कोळसा, बारीक वाळू, जाड वाळू, खडे. वरून गढूळ पाणी ओतलं, खाली मापाचा पेला.

पाणी बरंच निवळ आलं. पण "बरंच निवळ" म्हणजे किती? पेल्याखाली कागदावर काळी फुली काढून किती उंचीपर्यंत पाणी भरलं की फुली दिसेनाशी होते, तसं मोजता येईल. १८६५ मध्ये इटलीचे खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजायला तबकडी पाण्यात सोडली होती, त्याच जातीची ही युक्ती. पण दर फेरीला वाळू थोडी तुंबते, म्हणजे दुसऱ्या वेळची गाळणी पहिल्या वेळचीच राहत नाही. काहीही न बदलता दोनदा करणं इथे जमतच नाही.

हे लिहिताना पेल्याकडे लक्ष होतं. सुरुवातीला पाणी पटापट येत होतं, नंतर रेंगाळत. वेळ लावून बघितला: पहिले १०० मिलिलिटर ४० सेकंदांत, पुढचे १०० मिलिलिटर ५५ सेकंदांत, त्यापुढचे ८० च्याही वर. वाळू तुंबली म्हणून, की वरचं पाणी कमी झालं म्हणून? दोन्ही कारणं एकत्र गुंतलेली असताना सांगता येत नाही.

मग वाळू काढूनच टाकली तर?

१९ ऑगस्ट

वाळू काढली, कोळसा काढला. उरलं भांडं, भोक आणि पाणी. बाटली कमरेत बारीक असल्यामुळे ती सोडून उंच, सरळ भिंतींची प्लास्टिकची बरणी घेतली. दादाने ड्रिलने तळाजवळ ४ मिलिमीटरचं भोक पाडून दिलं. (आधी तापवलेल्या खिळ्याने एका जुन्या डब्याला पाडून पाहिलं होतं. कडा वितळून ओबडधोबड झाल्या आणि धार पिळवटून बाहेर पडत होती. ड्रिलचं भोक स्वच्छ येतं.) भोकाच्या मध्यापासून वर ५, १०, १५ आणि २० सेंटीमीटरवर मार्करने रेघा मारल्या.

पहिल्या फेरीत धार मध्येच अडखळली, गुळगुळ आवाज करत थांबली. झाकण घट्ट होतं! वरून हवा आत शिरल्याशिवाय पाणी बाहेर पडत नाही. झाकण काढलं.

२० ते १५ ला सुमारे २७ सेकंद. १५ ते १० ला ३२. १० ते ५ ला ४२. वाळू नसतानाही वेग कमी होत जातो. म्हणजे पातळीच कारण आहे.

२० ऑगस्ट

पुठ्ठ्यावरची ओळ. काहीही न बदलता, २० च्या रेघेपासून ५ च्या रेघेपर्यंत, पाच वेळा:

१०१.४, १०२.१, १०१.८, १०२.६, १०१.७ सेकंद. सरासरी १०१.९.

सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आकड्यात फक्त १.२ सेकंदांचं अंतर. रेघेच्या समपातळीत डोळा ठेवायची सवय लागली तर तेही कमी होईल. फ्रीझरमध्ये सारखंच पाणी २५ मिनिटांनी हुकत होतं, मूग सातवर की नऊवर थांबतील याचा नेम नव्हता, आणि ही बरणी मात्र दर वेळी तेच उत्तर देते. इथे मी एखादी गोष्ट बदलली आणि वेळ दहा सेकंदांनी हलला, तर तो माझ्या बदलामुळेच हलला असं छातीठोक सांगता येईल. शिवाय एका फेरीला दोन मिनिटं. एका संध्याकाळी वीस फेऱ्या.

विषय अजून ठरलेला नाही, पण बरणी ठरली.

२३ ऑगस्ट

बाईंना आकडे दाखवले. त्या खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "पातळी उतरली की वेग कमी होतो, हे इटलीचे शास्त्रज्ञ टॉरिचेली यांनी १६४४ मध्येच छापलंय. परीक्षक विचारतील, यात तुझं काय?"

मग त्यांनी फळ्यावर समजावलं. वरून h उंचीवरून पडलेल्या वस्तूला जो वेग येतो, तोच भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला येतो: २gh चं वर्गमूळ. (h म्हणजे भोकाच्या वर असलेल्या पाण्याची उंची, g म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारा प्रवेग.) २० सेंटीमीटर पाणी असताना सेकंदाला १.९८ मीटर, ५ सेंटीमीटर उरलं की बरोबर अर्धा, ०.९९. आणि पातळी उतरण्याचा वेग वर फेकलेल्या चेंडूसारखा एकसारखा मंदावत जातो, म्हणून सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी घेतली तरी चालते. (म्हणूनच जुन्या इजिप्तमधल्या पाण्याच्या घड्याळांची भांडी तळाकडे निमुळती असत. सरळ भिंतींच्या भांड्यात सकाळचा तास आणि दुपारचा तास सारखा भरला नसता.)

घरी येऊन हिशेब केला. बरणीत ५०० मिलिलिटर ओतलं की पातळी ६.४ सेंटीमीटर चढते, म्हणजे बरणीच्या आतलं क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटीमीटर. १५ सेंटीमीटर उतरायला ११७२ मिलिलिटर बाहेर पडलं पाहिजे. भोकाचं क्षेत्रफळ ०.१२६ चौरस सेंटीमीटर, सरासरी वेग सेकंदाला १४८ सेंटीमीटर. सेकंदाला १८.६ मिलिलिटर.

उत्तर: ६३ सेकंद.

माझं घड्याळ १०२ म्हणतंय. तीनदा हिशेब तपासला. भोक पुन्हा मोजलं. ६३ च.

२४ ऑगस्ट

सकाळी खिडकीसमोर बरणी ठेवून धारेकडे नीट पाहिलं. उजेड मागून येत होता म्हणून दिसलं: भोकातून बाहेर पडल्या पडल्या धार बारीक होते. भोक ४ मिलिमीटरचं, पण काही मिलिमीटर पुढे गेलं की धार त्याहून स्पष्ट बारीक.

बाई म्हणाल्या, हेच. पाणी भोकाकडे सगळ्या बाजूंनी, कडेकडेनेही धावत येतं. कडेवर आल्यावर त्याला एकदम काटकोनात वळता येत नाही, ते आत झुकूनच बाहेर पडतं, म्हणून धार आक्रसते. धारेचं हे आक्रसणं न्यूटन यांनीही १७१३ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत नोंदवलं होतं. ६३ भागिले १०२ म्हणजे ०.६२, म्हणजे हिशेबात धरलेल्या पाण्याच्या ०.६२ पटच प्रत्यक्षात बाहेर पडतं. धारदार कडेच्या भोकासाठी पुस्तकांतही याच्या जवळचाच आकडा आहे. माझ्या बरणीतून तो निघाला याचा मला केवढा आनंद झाला ते इथे लिहून ठेवते.

पण हाही आकडा पुस्तकात आहे. माझा प्रश्न अजून मिळायचा आहे.

२६ ऑगस्ट

बदलता येण्यासारख्या गोष्टी मांडल्या: भोकाचा व्यास, भोकाची संख्या, पाण्याचं तापमान, पाण्यात साबण, भोकाचा आकार. सगळ्यांचं उत्तर काय येईल याचा मला साधारण अंदाज आहे. दादाने विचारलं, "आणि भोकाला नळी लावली तर?"

मी लगेच म्हटलं, वेळ वाढेल. नळीच्या भिंतीला पाणी घासणार, अडणार. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

"लावून बघ की."

२८ ऑगस्ट

तशीच दुसरी बरणी घेतली. ५०० मिलिलिटरला पातळी तिच्यातही ६.४ सेंटीमीटरच चढते, हे आधी तपासलं. माशांच्या टाकीत हवा सोडायची पारदर्शक नळी आतून ४ आणि बाहेरून ६ मिलिमीटर असते, म्हणून ६ चं भोक पाडून त्यात नळीचा १.६ सेंटीमीटरचा तुकडा घट्ट बसवला. २० ते ५, आधीसारखंच.

९० सेकंद.

माझा विश्वास बसेना. पुन्हा ९०. नळीवाली बरणी लवकर रिकामी होतेय! नीट पाहिलं तर नळीचं टोक आत ५ मिलिमीटर डोकावत होतं. ते बाहेर ओढून आतल्या भिंतीशी सपाट केलं. आता ८३. पाच वेळा केलं: सगळी वाचनं ८२ ते ८४ च्या आत.

म्हणजे नुसतं भोक १०२, आणि त्याच मापाची छोटी नळी ८३. माझा अंदाज चुकला, आणि चुकीच्या दिशेने चुकला. रात्री नऊला बाईंना फोन केला, राहवलंच नाही.

२९ ऑगस्ट

बाईंनी शाळा सुटल्यावर अर्धा तास दिला. नळीच्या तोंडाशी धार आक्रसतेच, पण पुढे तिला पुन्हा फुलायला जागा मिळते आणि ती नळी भरून बाहेर पडते. आक्रसलेल्या जागी दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो, त्यामुळे मागचं पाणी जास्त जोराने ओढलं जातं. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये अशाच छोट्या नळ्या लावून हे तपासलं होतं.

मग त्या स्वतःच म्हणाल्या, "घासण्याचं तुझं म्हणणं चूक नव्हतं. नळी लांब कर, घर्षण वाढत जाईल."

घरी येऊन ३० सेंटीमीटरचा तुकडा लावला, खाली पट्टीचा आधार देऊन अगदी आडवा ठेवला, कारण तोंड खाली झुकलं तर उंचीच बदलते. १२९ सेकंद.

भोक १०२. छोटी नळी ८३. लांब नळी १२९. आधी फायदा, नंतर तोटा. मध्ये कुठेतरी अशी एक लांबी असणार जिथे नळी असली काय आणि नसली काय, वेळ तोच. ती लांबी या बरणीसाठी, या नळीसाठी किती आहे ते कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. ते मलाच मोजावं लागेल.

३१ ऑगस्ट

विषय लिहून दिला. "भोकाला जोडलेल्या नळीची लांबी आणि भांडं रिकामं होण्याचा वेळ." बदलणार फक्त लांबी. तीच राहणार: बरणी, नळीचा आतला व्यास, २० आणि ५ च्या रेघा, पाण्याचं तापमान, नळीचं आतलं टोक भिंतीशी सपाट, नळी आडवी. मोजणार वेळ, प्रत्येक लांबीला पाच वेळा. दर संध्याकाळी सुरुवातीला नळी नसलेल्या बरणीची एक फेरी, ती १०२ च्या आसपास आली तरच पुढे जायचं.

बियांचा कंस पुढच्या वर्षासाठी तसाच ठेवलाय.

रात्री तुकडे कापून ठेवले: १, २, ४, ६, ८, १०, १२, १६, २०, ३० सेंटीमीटर. प्रत्येकावर चिकटपट्टीने लांबी लिहिली. सुरुवात करण्याआधी अंदाज लिहून ठेवायचा असं ठरलं, म्हणजे नंतर मनाची समजूत घालता येणार नाही. कुठल्या लांबीला वेळ पुन्हा १०२ वर येईल? दादा म्हणतो २०. मी पेन्सिलीने १२ लिहिलंय.